आईंची परीक्षा हिंदीत झाली, निकाल मेंदूचा लागला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई 54 वर्षांच्या, सोलापूरच्या. घरी तेलुगू, शाळा चौथीपर्यंत मराठी, हयात विड्या वळण्यात गेली. 2009 पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, सुरू, व्हायरल लोडच्या तपासणीत विषाणू सापडत नाही. वर्षभर विसरायला होतंय म्हणून मोठ्या शहरात नेऊन दाखवलं. तिथे हिंदीतून तासभर चाचण्या झाल्या आणि रिपोर्टवर 'एचआयव्हीशी संबंधित सौम्य न्यूरोकॉग्निटिव्ह डिसऑर्डर', म्हणजे स्मरण-विचार यांत सौम्य बिघाड, असं आलं. तेलुगूतून पुन्हा चाचणी करावी का, असं तुम्ही विचारताय. खाली एक ओळ टाकलीय, मला तोच खरा प्रश्न वाटला: 'की आम्ही भाषेचा बहाणा शोधतोय?'

बहाणा नाही. पण भाषा बदलली की सगळं निस्तरेल, असंही गृहीत धरू नका. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. एआरटी केंद्राकडून पाठवलेले रुग्ण बरीच वर्षं तपासतेय, आणि हा पेच दर महिन्याला एकदा तरी समोर येतो. आईंना मी पाहिलेलं नाही, कुठल्या चाचणीत किती गुण पडले हेही तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे रिपोर्ट बरोबर की चूक हे इथून सांगता येणार नाही. तो वाचायचा कसा, एवढं सांगू शकते.

आधी माझी फजिती ऐका. मी मराठी घरातली. तेलुगू लहानपणापासून कानावर आहे, बोलता मात्र येत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ तपासणीला आले होते. मराठी छान बोलायचे, म्हणून मी सगळं मराठीतच घेतलं. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी सांगा, म्हटलं. बैल, गाय, कुत्रा, मांजर, शेळी, वाघ, मग बराच वेळ छताकडे बघणं, मग हत्ती, घोडा. आठ. मी लिहून टाकलं, शब्दप्रवाह कमी. पुढच्या महिन्यात तेच गृहस्थ औषधाच्या खिडकीपाशी कुणाला तरी मागाची कसलीशी हकिगत तेलुगूत सांगताना दिसले. थांबेचनात! मला घाम फुटला. त्यांना पुन्हा बोलावलं आणि तेलुगू येणाऱ्या समुपदेशक ताईंना सोबत बसवून तीच चाचणी घेतली. 'कोणत्याही भाषेत सांगा' म्हटल्यावर चौदा नावं आली, आणि त्यातली तीन मराठीच होती. दुसऱ्या खेपेला सरावाने थोडे गुण वाढतातच, ते वजा धरले तरी फरक मोठा होता. पण त्याच दिवशी खुंट्यांच्या पाटीवर, म्हणजे 25 भोकांत खाचा जुळवून खुंट्या बसवण्याच्या चाचणीत, ते पहिल्याइतकेच संथ निघाले. खुंटीला भाषा नसते. म्हणजे माझ्या अहवालातलं एक वाक्य भाषेमुळे चुकलं होतं, तर दुसरं खरं होतं. तुमच्या बाबतीतही सगळा रिपोर्ट खरा किंवा सगळा खोटा निघेल असं समजू नका. त्याचे तुकडे करून बघावं लागेल.

आता आकड्यांकडे येते, कारण चाचणी घेणाऱ्यांच्या लक्षात सगळ्यात कमी येणारी जागा तीच. 'शंभरातून सात वजा करा, परत सात, परत सात' हा प्रकार आईंनाही विचारला असणार. हिंदीत उत्तरं तिरानवे, छियासी, उन्यासी, बहत्तर, पैंसठ. मराठीत त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. यात वजाबाकी जितकी आहे तितकीच शब्दांची कसरत आहे. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, आणि हिंदीतल्या उन्यासी-नवासीत तर भलेभले मराठी लोक अडखळतात. तेलुगूत 79 म्हणजे डेब्बै तोम्मिदि, सत्तर-नऊ. आधी दहाई, मग एकक, सरळ. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता, आठवतोय? तुमच्या घरातल्या पोरांना ते 'इरवै ओकटि' म्हणून पाळण्यापासून येत होतं. आईंनी डोक्यात तेलुगूत वजाबाकी केली, मराठीतून फिरवली आणि हिंदीत बोलायला गेल्या, तर 79 ऐवजी 89 तोंडातून निघायला वेळ लागत नाही. तपासनीस तिथे 'लक्ष एकाग्र होत नाही' असं लिहून मोकळा होतो.

आकडे ऐकून त्याच क्रमाने, मग उलट्या क्रमाने म्हणून दाखवायची चाचणीही असते. ऐकलेलं मनातल्या मनात घोळवायला जितका वेळ लागतो, तितकी त्यात धारणा कमी पडते. वेल्श आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांवर 1980 साली एक अभ्यास झाला होता. वेल्शमध्ये आकडे म्हणायला वेळ जास्त लागतो, आणि त्याच माणसांचे गुण वेल्शमध्ये कमी भरले. आपले एक, दोन, तीन, चार, पाच बघा, एकेका ठोक्यात संपतात. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, पुढे एनिमिदि, तोम्मिदि. म्हणजे ही चाचणी तेलुगूत घेतली तर शब्द आपले पण लांब, हिंदीत घेतली तर आखूड पण परके. दोन्हीकडे काहीतरी हातचं जातंच. म्हणून 'मातृभाषेत घ्या, प्रश्न सुटला' असं मी म्हणत नाही.

अक्षरावरून शब्द सांगण्याच्या चाचणीचीही तीच गत. इंग्रजीत एक अक्षर देऊन त्यावरून सुरू होणारे शब्द मागतात. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचात क, प, म ही अक्षरं वापरतात, ते ठीक आहे. पण चौथी शिकलेल्या बाईला 'क' म्हटल्यावर काकडी, किल्ली, कुंकू चालतील का, हे कुणी फोड करून सांगितलं नाही तर ती कमळ, कप, कणीक म्हणून गप्प बसते. अक्षर तोडून शब्द शोधणं ही शाळेने लावलेली सवय आहे. शाळा सुटून 40 वर्षं झालेल्या माणसात ती सवय मोजायची आणि खापर विषाणूवर फोडायचं, हे मला पटत नाही.

शब्दांची यादी वाचून दाखवतात आणि थोड्या वेळाने आठवायला सांगतात, तिथे भाषांतराचा घोळ असतो. खऱ्या चाचण्यांतले शब्द मी उघड लिहीत नाही, लिहिले तर चाचणी वाया जाते. कल्पनेतलं उदाहरण घ्या. यादीत 'शेंग' असेल तर सोलापुरात डोळ्यापुढे भुईमुगाची शेंग येते, मुंबईत शेवग्याची, आणि मूळ इंग्रजी यादीत घेवडा असतो. रत्नांची नावं असली तर मोती-पोवळं सगळ्यांना माहीत, पाचू-पुष्कराज मात्र कुठे तरी ऐकलेले. अनोळखी शब्द पहिल्याच फेरीत गळतो, मग वीस मिनिटांनी तो आठवला नाही याला विस्मरण कसं म्हणायचं?

मग सरळ चित्रं, रंग, खुंट्या असल्या बिनभाषेच्या चाचण्याच का घेत नाहीत, असं तुम्ही विचाराल. घेतात. एचआयव्हीच्या कामात त्यांचा इतिहासही जुना आहे. 1990च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने बँकॉक, किन्शासा, म्युनिक, नैरोबी आणि साओ पावलो अशा पाच शहरांत एकाच वेळी अभ्यास केला. पाचही ठिकाणी चालतील अशा चाचण्या हव्या होत्या. आकडा आणि अक्षर आलटून पालटून जोडायच्या जुन्या चाचणीत इंग्रजी अक्षरं येतात, म्हणून अक्षरांच्या जागी दोन रंग वापरणारी चाचणी पुढे आली. माझ्या टेबलावर ती रोज असते. पण पेन्सिल धरायची सवय नसलेला माणूस तिथेही मागे पडतो, आणि सूचना तर बहुधा भाषेतच दिल्या जातात.

उलटंही होतं बरं का. एचआयव्हीच्या एका छोट्या प्राथमिक चाचणीत पाच सेकंदांत अंगठा आणि तर्जनी किती वेळा एकमेकांना टेकते ते मोजतात. चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं तिथे तपासनीसालाही हरवतील. पूर्वीपेक्षा वेग कमी झाला असला तरी सर्वसाधारण माणसाच्या मानाने तो उत्तमच भरतो, आणि खरा बिघाड झाकला जातो. गुण जसे खोटे कमी येतात तसे खोटे जास्तही येतात.

हे सगळं मी इतकं का उगाळतेय? कारण एचआयव्हीचा मेंदूवर परिणाम झालाच तर त्याची एक साधारण ठेवण असते. आधी वेग मंदावतो, लक्ष आणि आखणी ढिली होते, हातांची चपळाई कमी होते, आठवण आत असते पण बाहेर काढायला वेळ लागतो. वस्तू ओळखून नाव सांगणं त्या मानाने टिकून राहतं. म्हणून मी रिपोर्ट हातात आला की गुण कुठे पडलेत ते बघते. शब्दप्रवाह, यादी, वजाबाकी यांत गुण कमी आणि खुंट्या, रंगांची जोडणी ठीक, असं असेल तर माझा पहिला संशय भाषेवर आणि शिक्षणावर जातो. खुंट्यांतही, रंगांतही, चिन्हं उतरवण्यातही संथपणा असेल तर भाषा पुढे करून मी रुग्णाला घरी पाठवत नाही. यादीतले शब्द आपणहून आठवले नाहीत पण 'यातला कोणता होता' म्हटल्यावर अचूक ओळखले, हीही खूण मी बघते. ठोकताळा आहे हा, नियम नव्हे.

रिपोर्टवर जे नाव लिहिलंय ते 2007च्या निकषांतून आलेलं आहे. इटलीतल्या फ्रास्काती गावाचं नाव त्या निकषांना आहे. किमान पाच क्षेत्रं तपासायची. त्यातल्या दोन क्षेत्रांत वय आणि शिक्षण जुळणाऱ्या निरोगी लोकांच्या सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचं माप) किंवा त्याहून खाली गुण आले की कमतरता धरायची. ही जाळी फार बारीक आहे. कोणत्याही एका मापात निरोगी लोकांपैकी सुमारे 16 टक्के त्या रेषेखाली असतातच, आणि मापं वाढवली की कुठेतरी दोनदा खाली जाणारेही वाढतात. या निकषांत पूर्ण निरोगी लोकांपैकीही साधारण पाचातला एक जण अडकेल, असा हिशेब 2011 मध्ये मांडला गेला. 2023 मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने तर नुसत्या कमी गुणांवरून आजाराचं नाव देऊ नका असंच सुचवलं. हा पाचातला एक सुद्धा मानकं, म्हणजे तुलनेला धरलेली निरोगी लोकांची सरासरी, जुळत असताना. आईंचे हिंदीतले गुण कुणाच्या सरासरीशी ताडले? हिंदी भाषक, दहावी झालेल्या, शहरी लोकांशी ताडले असतील तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या स्पॅनिश भाषकांसाठी वेगळी मानकं काढावी लागली ती याचसाठी. पुण्यातही 'नारी' या एड्स संशोधन संस्थेत मराठी रुग्णांवर हे काम झालं तेव्हा इथल्याच एचआयव्ही नसलेल्या लोकांचे गुण शेजारी ठेवावे लागले.

आणि त्याच निकषांत 'सौम्य डिसऑर्डर' म्हणायला रोजच्या कामात अडचण दिसावी लागते, नुसते गुण पुरत नाहीत. आईंच्या रोजच्या कामाबद्दल कुणी तुम्हाला विचारलं का? विचारलं नसेल तर ते नाव त्यांच्याच निकषांत बसत नाही. मी असल्या बायकांना विचारते, हजार विड्यांना पूर्वी किती वेळ लागायचा, आता किती लागतो. कारखान्यातून छाट होऊन परत येणाऱ्या विड्या वाढल्या का? जुडी बांधताना मोजणी चुकते का? भाजीवाल्याकडून उरलेले पैसे बरोबर घेतात का, मिठाचं विसरतं का, महिन्याअखेरीस गोळ्यांच्या बाटलीत किती उरतात? या उत्तरांना भाषेचा अडसर येत नाही, आणि तुलना आईंची आईंशीच होते.

आता 'तेलुगूतून घ्यावी का' या प्रश्नाकडे येते. आईंची भाषा कोणती, हे तुम्ही तेलुगू म्हणून मिटवलंत. मी मिटवणार नाही. मी विचारते: चिडल्यावर कोणती भाषा येते, पैसे कोणत्या भाषेत मोजता, पाटी कोणत्या भाषेतली वाचता? एका बाईंनी मला सांगितलं होतं, विड्या तेलुगूत मोजते, पैसे मराठीत, देवाचं दोन्हीत. आईंना तेलुगू लिपी वाचता येत नसणार, कारण शाळा मराठी. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू म्हणजे हैदराबादची तेलुगू नव्हे. पिढ्यान् पिढ्या मराठीशेजारी राहून तिच्यात किती मराठी मुरलंय हे तुम्हीच जास्त जाणता. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) बहुभाषी चाचणीसंचात तेलुगू आहे, हैदराबादेतही तेलुगू चाचण्यांवर चांगलं काम झालंय. पण तो संच स्मृतिभ्रंशासाठी बांधलेला, आणि त्यातली ग्रांथिक वळणं आईंना हिंदीइतकीच परकी वाटू शकतात. (त्याच हैदराबादेत 2013 मध्ये 648 रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, निरक्षरांतही. तेव्हा घरातल्या तीन भाषांना दोष देऊ नका.)

मी असते तर सूचना आणि गप्पा घरच्या तेलुगूत ठेवल्या असत्या, वाचायचं असेल ते मराठीत, आकडे आईंना हव्या त्या भाषेत, आणि उत्तर कोणत्याही भाषेत आलं तरी मान्य केलं असतं. फक्त बैल आणि एद्दु असं दोन्ही सांगितलं तर एकच प्राणी धरायचा. अशी चाचणी घेतली की छापील मानकं काटेकोर लागू पडत नाहीत, आणि तसं अहवालात स्पष्ट लिहायचं. मला ते चुकीच्या मानकांवरच्या नेमक्या आकड्यापेक्षा बरं वाटतं.

दुभाषा म्हणून तुम्ही स्वतः बसू नका. मुलगा आईला नकळत सुचवतो, 'अगं ते नाही का, शिंगांचं' असं म्हणून जातो. गल्लीतल्या शेजारणीला तर मुळीच नेऊ नका. आईंना एचआयव्ही आहे हे तिला कळेल. 2017चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि आईंच्या लेखी संमतीशिवाय ही माहिती कुणापुढे जाता कामा नये. तेलुगू येणाऱ्या समुपदेशक किंवा परिचारिकेला अर्धा तास आधी शिकवून बसवता येतं. एआरटी केंद्रात विचारा, सोलापुरात अशी व्यक्ती मिळणं अवघड नाही.

पण चाचणी पुन्हा घेण्याआधी दुसरी कामं आहेत. झोप कशी आहे, मन उदास असतं का, ऐकू नीट येतं का, चाचणीच्या दिवशी चष्मा लावला होता का? हसू नका, चष्मा घरी राहिल्यामुळे आलेली 'कमतरता' मी पाहिलीय. बी-12, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सिफिलिसची रक्ततपासणी हे एआरटीच्या डॉक्टरांना सांगून करून घ्या. आधीच्या गोळ्यांत एफाविरेन्झ होतं का आणि आता काय चालू आहे, ते विचारा. एफाविरेन्झने झोप, स्वप्नं आणि लक्ष यांचा विचका झालेले बरेच जण मी पाहिलेत. उपचार सुरू झाले तेव्हा सीडी4, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, किती खाली गेला होता, हेही जुन्या कागदांत बघा. तो फार खाली गेला असेल तर मी अधिक सावध होते. गोळ्या मात्र एक दिवसही बंद करायच्या नाहीत. आणि विसरणं काही दिवसांत किंवा आठवड्यांत झपाट्याने वाढलं, सोबत ताप, डोकेदुखी, फिट, एका बाजूची ताकद जाणं असं काही दिसलं, तर भाषा-बिषा सगळं बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा.

तसं काही नसेल तर सहा महिने थांबून, त्याच व्यक्तीकडून, यादीची दुसरी आवृत्ती वापरून चाचणी करून घ्या. तोवर छाटीचा आणि हजारी विड्यांच्या वेळेचा हिशेब वहीत लिहीत राहा. पहिल्या रुग्णालयाकडे चाचणीवार गुण मागा, नुसता निष्कर्षाचा कागद नको. कोणत्या मानकांशी ताडले तेही लिहून मागा. ते हातात आले की रिपोर्टचा फोटो टाकू नका, नाव झाकूनसुद्धा नको. खुंट्या, रंगांची जोडणी, यादी आणि शब्दप्रवाह एवढ्या चारांचे नुसते आकडे लिहा, मग पुढचं बोलू.